आकड्यावरची चिकटपट्टी

आमच्या घराच्या कट्ट्यावर सकाळी साडेसहा ते आठ या वेळात चाकात हवा भरून मिळते. घर गडमुडशिंगीत, गांधीनगरकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून आहे. तिकडच्या कापडाच्या गोदामांत कामाला जाणारी माणसं आमच्या दारावरूनच जातात, कोणी सायकलवर, कोणी मोटारसायकलवर. पंक्चरवाल्याचं दुकान दहाला उघडतं. साडेसहाला घराबाहेर पडलेल्या माणसाचं चाक बसलेलं असेल तर सायकल ढकलत न्यायची किंवा तशीच रेटायची, एवढंच त्याच्या हातात असायचं. त्यावर उपाय माझ्या बायकोनं काढला.

ती परिचारिका होती. गावाच्या उपकेंद्रात आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवर तिची सगळी नोकरी झाली, आणि ती सगळी सायकलवर झाली. गाव तिला शिस्टर म्हणायचं. मोपेड घे, असं मी दोनदा सुचवलं होतं. ती म्हणाली, "बाळंतिणीच्या दारात फटफट करत कशाला जायचं? पोर नुकतंच झोपलेलं असतंय." त्यानंतर मी तो विषय काढला नाही.

मी वारणानगरला एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात होतो. तिथल्याच वसाहतीत एक खोली होती. शनिवारी संध्याकाळी घरी यायचो आणि सोमवारी पहाटे परत जायचो. त्यामुळे तिचे दिवस कसे जातात ते मला रविवारपुरतं माहीत होतं. दोघंही निवृत्त झाल्यावर आम्ही पहिल्यांदा सलग एका घरात राहिलो. मी खिडकीजवळ खुर्ची टाकून पुस्तक वाचायचो. ती कट्ट्यावर असायची.

सुरुवातीला तिच्याकडे पायानं दाबायचा पंप होता. पुढं गुडघे दुखू लागले. पुण्याला असलेल्या आमच्या मुलीनं हवा भरायचं एक छोटं विजेचं मशीन पाठवलं. उभ्या तांब्याएवढं, काळं, मोबाइलसारखं चार्जिंग करायचं. पुढं एक नळी, वर छोटा पडदा. पडद्यावर हवेचा दाब आकड्यात दिसतो. आपण आकडा ठरवून ठेवायचा, तेवढी हवा झाली की मशीन आपोआप थांबतं. आवाज मात्र त्याच्या आकाराला न शोभणारा. पहिल्या दिवशी शेजारचं कुत्रं तासभर भुंकत होतं.

खिडकीतून मला कट्ट्यावरचं सगळं बोलणं ऐकू यायचं. ती प्रत्येकाची चौकशी करायची. कुठं निघालास, डबा घेतलास का, आज मागं कोण बसनार हाय. मला वाटायचं, ही तिची नोकरीतली सवय. नर्सला घरोघरची खबर ठेवावी लागते, ती निवृत्त झाल्यावर सुटायची कशी? एकदा कोणीतरी खिडकीकडे बघून मोठ्यानं म्हणालं, "शिस्टर, तुमी हवा भरताय, आन् सर काय भरत्यात?"

ती म्हणाली, "त्यांनी जल्मभर रजिस्टरचं रकानं भरल्यात. बसू द्या की आता."

सगळे हसले. मीही आत हसलो. पण खरं लिहायचं तर मला थोडं अवघडल्यासारखं व्हायचं. तिनं एवढी वर्षं लोकांची सेवा केली, आता निदान सकाळी चहा घेत निवांत बसावं असं वाटायचं. हात काळे करून रस्त्यावर उकिडवं बसणं मला तिच्या मानाचं वाटत नव्हतं. हे मी तिला कधी बोललो नाही. ती न बोलताच ओळखून होती, असं आता वाटतं.

ती गेली. आजार पंधरा दिवसांचा. आमच्यात दहन नसतं. ओढ्याकडेच्या रुद्रभूमीत तिला आमच्या रीतीनं बसवून माती दिली. पुढचे कित्येक दिवस माणसं भेटायला येत होती. कट्ट्याला सायकली टेकवून ठेवायची, आत येऊन बसायची आणि चहा न घेता जायची. त्यातल्या कितीतरी सायकलींची चाकं मऊ असणार. हवेचं कोणी विचारलं नाही.

मशीन तिच्या कपाटात, जुन्या साडीच्या पिशवीत होतं. बॅटरी पडून राहिली की खराब होते, हे मी माहितीपत्रकात वाचलेलं होतं. म्हणून दर महिन्याला ते काढायचो, चार्जिंग करायचो आणि परत पिशवीत ठेवायचो. आकड्याच्या पडद्यावर पांढरी चिकटपट्टी लावलेली होती. सलाइनची सुई हातावर धरून ठेवायला लावतात तसली. तिचं एक टोक आत दुमडलेलं होतं. पडद्याला ओरखडे पडू नयेत म्हणून लावली असेल, असं मी धरून चाललो.

नऊ महिने झाले तेव्हा माझा मेव्हणा आला. तिचा धाकटा भाऊ. गावाबाहेर मळ्यात राहतो, चार म्हशी आहेत. एक दिवसाआड मला दूध आणून देतो आणि मी जेवलो की नाही ते भांडी बघून ठरवतो. किटली ओट्यावर ठेवून तो म्हणाला, "दाजी, वर्साचं जवळ आलं. मठात आक्काच्या नावानं काय तरी द्यायला पायजे."

"काय द्यावं म्हणतोस?"

"पंखा. मोठ्यातला मोठा. पाकळीवर तिचं नाव घालायचं, लाल रंगात. बगनाऱ्यानं बगितलं पायजे."

मला तिचं एक बोलणं आठवलं. एका लग्नात आम्ही त्याच मठात जेवायला बसलो होतो. डोक्यावर कोणाच्या तरी स्मरणार्थ दिलेला पंखा होता. ती वर बघत मला हळूच म्हणाली होती, "पंखा चालू असला की नाव दिसत न्हाय. नाव वाचायचं तर पंखा बंद करून घामात बसायचं. मग देनाऱ्यानं नेमकं दिलं काय?" मी मेव्हण्याला हे सांगितलं. तो हसला, आणि हसता हसता त्यानं खांद्यावरच्या टॉवेलनं डोळे पुसले.

"तिची जीभच तसली. पन मानसं तशी न्हाईत, दाजी. गाव इचारतंय मला. सख्ख्या बहिनीच्या नावानं काय केलंस म्हनून."

मी म्हणालो, "ती करत होती तेच चालू ठेवूया. हवा."

"हवा?" त्यानं कप खाली ठेवला. "लोक पानपोई घालत्यात, बाकडं देत्यात, भिताडाला घड्याळ लावत्यात. हवा कोन देतंय? उद्या गाव म्हनंल, सरांनी बायकूच्या नावानं हवा सोडली."

"म्हणू दे."

"आन् भरनार कोन? तुमी? तुमास्नी सायकल तरी चालवाय येती का?"

सायकल मला येत नाही, हे त्याला माझ्या लग्नापासून माहीत आहे. लग्नानंतर पहिल्या सणाला सासुरवाडीच्या अंगणात तिनंच मला शिकवायचा प्रयत्न केला होता आणि हा तेव्हा शेणाच्या ढिगावर बसून टाळ्या वाजवत होता.

शेवटी त्यानं वाट काढली. "वर्सापातूर तीन महिनं हाईत. तवर तुमचं हवेचं चाललं, मानसं आली, तर मी गप बसतो. न्हाय चाललं तर मी पंखा आननार, नाव घालून. मग तुमी एक शबुद बोलायचा न्हाय."

मी मान डोलावली. तो गेल्यावर मला जरा भीती वाटली. माझ्या हातून हे नीट झालं नाही तर तिचं काम संपायचंच, वर त्याचं हसं व्हायचं. मग गावाला शिस्टर आठवायला तो बंद पंखाच उरणार.

तयारी मी माझ्या पद्धतीनं केली. माहितीपत्रक तीनदा वाचलं. कोणत्या वाहनाच्या पुढच्या आणि मागच्या चाकाला किती दाब लागतो, त्याचा तक्ता सुवाच्य अक्षरात लिहून कट्ट्याच्या खांबाला लावला. मशीन ओल्या फडक्यानं पुसलं. पडद्यावरची ती चिकटपट्टी मळून पिवळसर पडली होती. ती हलक्या हातानं सोलून काढली, मागं राहिलेला गोंद निलगिरीच्या तेलानं घालवला. पडदा नव्यासारखा चकाकू लागला. तिची वस्तू आपण नीट ठेवली, याचं मला समाधान वाटलं.

पहिले काही दिवस बरे गेले. माणसं मला बरं वाटावं म्हणून थांबत होती, हे कळत होतं. त्यांत बहुतेक मोटारसायकली होत्या. तक्त्यात बघायचं, आकडा लावायचा, नळी बसवायची. मशीन गुरगुरायचं आणि नेमक्या आकड्याला थांबायचं. मला त्याचा विश्वास वाटू लागला. ग्रंथालयात पुस्तकाच्या मागं लिहिलेल्या क्रमांकाचा वाटतो तसा.

मग एका सकाळी गोदामात काम करणारी एक बाई आली. चाळिशीची असेल. जुनी काळी सायकल, हँडलला डब्याची पिशवी. मी तक्त्यात बघून पन्नास लावले. सायकलच्या वॉल्व्हला बसणारा चिमटा नळीला जोडला आणि बटण दाबलं. मशीन थोडा वेळ चाललं आणि थांबलं. पडद्यावर पन्नास.

तिनं चाकावर अंगठा दाबला. "सर, मऊ लागतंय की."

"पन्नास झालेत. हे बघा."

"व्हय, पन मऊ लागतंय."

"मशीन खोटं कशाला बोलेल? जावा तुम्ही बिनधास्त."

तिनं एकदा चाकाकडे, एकदा माझ्याकडे बघितलं. माझ्या चष्म्याचा, पांढऱ्या केसांचा आणि खांबावरच्या तक्त्याचा तिनं मान ठेवला आणि ती गेली.

संध्याकाळी ती परत आली, चालत. मी कट्ट्यावरच होतो. तिनं आवाज चढवला नाही, ते जास्त लागलं.

"सर, पुढच्या कोपऱ्यावर जाऊ बसती माझ्या मागं. रोजचंच हाय आमचं. खड्ड्यात चाक गेलं तसं रिंगच भुईला टेकली आन् ट्यूब चिरली. दोघी चालत गेलो. दोघींचा अर्धा खाडा पडला."

मी माफी मागितली. ट्यूब बदलून देतो म्हणालो.

"ट्यूबचं ऱ्हाऊ द्या वो." जाता जाता ती म्हणाली, "शिस्टर असत्या तर अंगठा लावल्याबिगर सोडलं नसतं."

दुसऱ्या दिवशी कोणी थांबलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मी साडेसहाला मशीन घेऊन बसायचो. सायकली समोरून जायच्या, "नमस्कार सर" म्हणायच्या आणि मऊ चाकांनी तशाच पुढं जायच्या. असा आठवडा गेला आणि एका सकाळी मेव्हणा नेहमीसारखा दूध घेऊन आला. या वेळी त्यानं टोमणा मारला नाही.

"ऐकलं मी, दाजी. पेंटरला सांगू काय?"

"अजून दिवस आहेत."

"नाव तर रंगवून ठिवतो. वाळाय येळ लागतोय."

तो गेल्यावर मी मशीन पिशवीत घातलं आणि दहा वाजता पंक्चरवाल्याकडे गेलो. म्हातारा माणूस आहे. त्याच्या दुकानात मी आयुष्यात पहिल्यांदाच पाऊल टाकत होतो, कारण माझ्याकडे कधी चाकच नव्हतं. त्यानं मला स्टुलावर बसवलं आणि माझं सगळं ऐकून घेतलं. मग एका सायकलचा वॉल्व्ह उघडून आतली बारीक रबरी नळी माझ्या तळहातावर ठेवली.

"ही वालट्यूब. हवा हिच्यातनं आत जाती, पन मागं येत न्हाय. मोटारसायकलीचं येगळं असतंय. तितं मशीनला चाकातली हवा कळती. हितं ही मधी आडवी बसलीया. तवा ते मशीन आपल्याच नळीतली हवा मोजतंय. चाकात किती गेली ते त्याला काय म्हाईत?"

"मग ती कशी भरायची सायकली?"

"आकडा लय वरचा लावून ठिवायच्या, म्हंजे मशीन मधीच थांबत न्हाय, आन् बंद हातानं करायच्या. अंगठा लावून." त्यानं पिशवीतून मशीन बाहेर काढलं आणि उलटसुलट फिरवलं. "ह्याच्यावर पट्टी हुती ती कुटं गेली?"

"मी काढली. मळली होती."

त्यानं मशीन खाली ठेवलं. मग उठून चहा सांगून आला.

"शिस्टरनी हितं बसूनच लावलीती ती, सर. याच स्टुलावर. ह्या मशीनचा पयला आठवडा त्यांचाबी तुमच्यागतच गेला. मग हितं आल्या. म्हनल्या, मला अंगठा शिकवा. रोज दुपारच्याला यायच्या, दोन-चार सायकली दाबून बगायच्या. साठी उलटलेली बाई, गावानं पाया पडावं अशी, माझ्यासंगं काळं हात करून बसायची. म्हैनाभर. शिकल्यावर पट्टी लावली. म्हनल्या, मानसं आकडा बगून उटून पळत्यात, अंगठ्याची वाट बगत न्हाईत. टोक दुमडून ठिवलं, मोटारसायकल आली की उचलून बगायचं."

दुपारच्या वेळी ती कुठं जाते, हे मी कधी विचारलं नव्हतं. जुन्या पेशंटांकडे जात असेल असं धरून मी पुस्तकात डोकं घालून बसलेलो. आयुष्यभर लोकांच्या नाडीवर बोट ठेवलेल्या बाईनं साठीनंतर पंक्चरच्या दुकानात बसून अंगठा शिकावा, आणि घरी येऊन त्याबद्दल चकार शब्द काढू नये. त्या स्टुलावर बसून मला रडू आलं नाही. माझी मान ताठ झाली. ती ज्या स्टुलावर बसली त्याच स्टुलावर मी बसलो होतो आणि तेवढ्यानंही मला मोठं झाल्यासारखं वाटत होतं.

चहा आला. म्हातारा म्हणाला, "एक मात्र त्या माझ्याकडनं न्हाय शिकल्या. त्यांचं त्यांनीच काढलं. प्रत्येकाला इचारायच्या, आज मागं कोन बसनार हाय. मी न्हाय इचारत. मी समद्यास्नी सारकीच भरतो. त्या मागं कोन हाय ते इचारून भरायच्या. म्हातारी बसनार असंल तर येगळी. दुधाचा कॅन असंल तर येगळी. एकटाच असंल तर जरा कमी, म्हंजे हाडं खिळखिळी व्हत न्हाईत."

चहाचा कप माझ्या हातात तसाच राहिला. खिडकीच्या आत बसून पाच वर्षं मी तो प्रश्न ऐकला होता आणि ती गावाच्या खबरी काढते असं समजत होतो. ती प्रत्येक माणसाच्या मागचं वजन विचारत होती.

त्या दिवसापासून मी शिकायला लागलो. दुपारी पंक्चरवाल्याकडे आणि संध्याकाळी घरी, परसातल्या तिच्या सायकलवर. हवा भरायची, दाबायची, सोडायची, परत भरायची. म्हाताऱ्यानं सांगितलं होतं, चाक आपल्या टाचेसारखं लागलं पाहिजे, पोटरीसारखं नाही. मी पहिले काही दिवस चाक दाबायचो आणि मग स्वतःची टाच दाबून बघायचो. मेव्हण्यानं एकदा मला तसं करताना पाहिलं. किटली ठेवून तो हळूच निघून गेला. एवढी दया त्यानं मला कधीच दाखवली नव्हती.

तिच्या औषधांच्या डब्यात चिकटपट्टीचं रीळ होतं. त्यातला तुकडा कापला, एक टोक दुमडलं आणि पडद्यावर लावला. खांबावरचा तक्ता काढला. त्याच्या जागी एक ओळ लिहिली : मागे कोण बसणार आहे ते आधी सांगा. खाली नाव घातलं नाही. सांगण्याची गरज नव्हती, आणि नावांबद्दल ती काय म्हणायची ते मला माहीत होतं.

मग एका सकाळी मी कट्टा सोडून रस्त्यावर जाऊन उभा राहिलो. गोदामातली बाई येताना दिसली. मी हात वर केला. ती थांबली, पण खाली उतरली नाही.

"उशीर हुतोय सर."

"दोन मिनिटं. मागे कोण बसणार आहे?"

तिनं माझ्याकडे नीट बघितलं. मग एक पाय खाली टेकला. "जाऊ," ती म्हणाली. "आन् आज तिची पिशवीबी हाय. जड."

मी मशीन लावलं. पडदा झाकलेला होता. ती वाकून चाक बघत होती. मी अंगठा लावला, थांबलो, परत लावला. तिनं माझ्या अंगठ्याशेजारी आपला अंगठा टेकवला. हात तिचा कामाचा, माझा कागदाचा. पण दोघांना एकच कळत होतं. "अजून थोडी," ती म्हणाली. मी मनात तेच म्हणत होतो. "हां. बस."

संध्याकाळी ती आली नाही. त्याचा अर्थ मी चांगला लावला. दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबर आणखी दोघी आल्या. त्या आठवड्यात कट्ट्याला परत सायकली टेकू लागल्या. मी सावकाश काम करतो. मशीन चार-पाच चाकांनंतर तापतं, त्याला दम खाऊ द्यावा लागतो, त्यामुळे रांग लागायची. तशी लागली की गोदामातली बाई म्हणायची, "सर, सरका जरा," आणि माझ्या हातातून नळी काढून घ्यायची. विचारायची मात्र तेच, आणि मागं बसणारा समोर उभा असला तरी विचारायची. एका पोरीनं सांगितलं, मागं कोणी नाही, फक्त दप्तर आहे. तर ती म्हणाली, "दप्तराला आजकाल म्हातारीएवढं वजन असतंय. बगू दे."

वर्षाच्या दिवशी सकाळी रुद्रभूमीत जायचं होतं आणि मग मठात जेवण. मेव्हणा सात वाजता मोटारसायकलवर आला. पांढरा सदरा, टोपी. कट्ट्यासमोर आठ-दहा सायकली आणि तीन मोटारसायकली होत्या. तो गाडी सरळ पुढं घेऊन आला. गोदामातल्या बाईनं त्याला ओळखलं नाही, किंवा ओळखून ओळख दाखवली नाही.

"पावणं, लायनीत या."

"मी शिस्टरचा सख्खा भाऊ हाय."

"मग तर मागंच उभारा की. घरचं मानूस शेवटी जेवतंय."

रांगेतले सगळे हसले. मेव्हण्यानं गाडी मागं घेतली आणि रांगेत उभा राहिला. टोपी काढून हातात धरली. त्याचा नंबर येईपर्यंत पंधरा मिनिटं गेली. एवढा वेळ तो बघत होता. प्रत्येकाला विचारला जाणारा प्रश्न ऐकत होता. मागं बसण्याचा अर्थ त्याला माझ्याआधीपासून माहीत असणार. लहानपणी त्याला मागं बसवून तीच शाळेत न्यायची.

त्याचा नंबर आला तेव्हा मी विचारलं, "पंख्याचं काय केलंस?"

"काय करनार? नाव रंगवलेला पंखा दुकानदार परत घेईना. गोठ्यात लावला." त्यानं मिशीवरून हात फिरवला. "आक्काच्या नावाखाली म्हशी गार बसल्यात. दूध वाढलंय."

आम्ही दोघंही हसलो. ती असती तर सगळ्यात आधी तीच हसली असती, आणि मग म्हशींना नाव वाचता येतंय का असं विचारलं असतं.

मी त्याच्या मागच्या चाकाला नळी लावली आणि चिकटपट्टीचं दुमडलेलं टोक उचललं. सव्वीस. मी वर बघितलं.

"मागे कोण बसणार?"

 त्यानं टोपी डोक्यावर ठेवली, नीट केली.

"तुमीच की, दाजी. आक्काकडं जायाचं न्हवं?"

मी आकडा वाढवला. मशीन गुरगुरलं आणि बत्तीसला थांबलं. मोटारसायकलला त्याची गरज नव्हती, तरी मी अंगठा लावून बघितला. टाच. पट्टी परत चिकटवली आणि मशीन गोदामातल्या बाईच्या हातात दिलं.

"जावा सर," ती म्हणाली. "आज मला सुट्टी हाय. आठपातूर बगते मी."

मी मागं बसलो. ओढ्याकडच्या रस्त्याला वळण्याआधी एक मोठा गतिरोधक आहे. मेव्हण्यानं तिथं वेग कमी केला नाही, मुद्दामच. गाडी उसळली आणि सरळ पुढं गेली.

"दाजी, दबलं न्हाय बगा चाक," तो पुढं बघतच म्हणाला.

"नाही दबणार," मी म्हणालो. "विचारून भरलंय." मागून, कट्ट्याकडून, मशीनचा आवाज वळणापर्यंत ऐकू येत होता.